फक्त तांब्याचा वॉशर

निश्शिन, १२ जानेवारी २०२५, रविवार

मैत्रेयी,

वर आशीर्वाद लिहिले नाहीत. लिहायला घेतले होते, पण सहा वर्षं ज्याच्याशी तू बोलली नाहीस त्याने एकदम आशीर्वाद द्यायचे, हे मलाच कसंसं वाटलं. पत्ता आईने दिला. फोन तू उचलत नाहीस. लाइन ॲपवर मी काय पाठवतो ते 'वाचलं' म्हणून कधी दिसत नाही. पत्र निदान पेटीत तरी पडेल. न वाचता टाकायचं असेल तर टाक, फक्त कागदाच्या कचऱ्यात टाक.

आधी कामाचं. एकतीस मार्चला मी निवृत्त होतोय. घर कंपनीचं, म्हणून त्याच दिवशी किल्ल्या द्यायच्या. आई डिसेंबरातच पुण्याला गेली, फ्लॅट रंगवून घ्यायला. एप्रिलच्या एक तारखेचं माझं विमान. तोवर घर रिकामं करायला मी एकटा आहे, आणि या घरातली सगळ्यात मोठी वस्तू तुझी आहे.

गाडी अजून कारपोर्टमध्येच आहे. निळ्या ताडपत्रीखाली, तू ठेवलीस तशी. इंजिन बाहेर लाकडी पाटावर, उघडं. भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तीस मार्चला येतो, फुकट नेतो. मी हो म्हटलं. मग म्हटलं, आत तुझं काही राहिलंय का बघावं, म्हणून डिकी उघडली.

त्या पिशव्या मला माहीतच नव्हत्या गं. प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर तुझं अक्षर. 'तीन नंबर पिस्टन, खूण पुढच्या बाजूला.' 'हा बोल्ट लांब आहे, डावीकडचाच.' मी डिकीच्या कडेवर बसून एकूण एक वाचल्या. चोवीस वर्षं मी क्वालिटीत काढली, लोकांच्या कामातल्या चुका शोधून पगार घेतला. इतकं नीट लिहिलेलं मी कारखान्यातसुद्धा पाहिलं नाही. अठरा वर्षांची होतीस तेव्हा.

भंगारवाल्याला परत फोन केला. म्हटलं, तीसलाच या, पण गाडी चालू झाली तर येऊ नका. तो हसला असावा.

तर मी हे इंजिन जोडतो. चालू झालं तर गाडी तुझी, येऊन घेऊन जा. मला आयुष्यात पाना धरायची वेळ आली नाही हे तुला माहीत आहेच. पण रजा भरपूर शिल्लक आहे आणि पिशव्यांवर सगळं लिहिलेलं आहे.

खरं सांगायचं तर गाडी हे निमित्त. जाण्याआधी तुला एकदा भेटायचं आहे. साठीचा माणूस परत या देशात कधी येणार, कुणी सांगावं.

बाबा


निश्शिन, २ फेब्रुवारी, रविवार

मैत्रेयी,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, तरी रोज पेटी उघडून बघतो.

पाठ गेली आहे. गरम पाण्याच्या पिशवीला टेकून लिहितोय. कारपोर्टमध्ये थंडी अशी की पाना हाताला चिकटतो. शेजारच्या आजी रोज 'थंडी आहे ना' म्हणतात आणि ताडपत्रीमागे डोकावतात. परवा त्यांना वाटलं की मी काळं तेल नाल्यात ओततोय. मग मी त्यांना हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला कापसाचा खोका दाखवला, ज्यात जुनं तेल शोषून घेतात आणि जाळायच्या कचऱ्यात देतात. तेव्हा कुठे गेल्या.

सगळं काटकसरीने चाललंय. नवीन घेतलं ते फक्त पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग आणि गास्केटचा संच. सिलिंडरच्या डोक्याचा पृष्ठभाग सरळ करायला वर्कशॉपकडे गेलो नाही. जुन्या टीपॉयची काच काढली, तिच्यावर सँडपेपर चिकटवला आणि दोन दिवस गोल गोल घासत बसलो. पट्टी लावून तपासलं, सरळ आहे. तपासणं मला येतं.

एक गंमत सांगतो. व्हॉल्व्ह काढले की कुठला कुठल्या सिलिंडरचा हे विसरायचं नसतं. तीन सिलिंडर, प्रत्येकी चार, म्हणजे बारा. ठेवायचे कशात? आईचं इडलीपात्र! तीन ताटल्या, प्रत्येकीत चार खळगे. जणू याच इंजिनासाठी केलंय. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ते पात्र आता पुण्याला आणू नका.

त्याच फोनवर तिने सांगितलं की तू तिथे कावासाकीला फोर्कलिफ्ट दुरुस्त करतेस. मला वाटत होतं कुठल्या ऑफिसात असशील. म्हटलं, सहा वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत?

टर्बो तुझा मूळचा गेलेलाच आहे, त्याचा दांडा हलतो. ऑक्शन साइटवर वापरलेला एक पाहून ठेवला आहे. त्याला तेल नेणारा जो बारीक पाइप आहे, त्याच्या बोल्टची पिशवी सापडली. तांब्याचे जुने वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा चालतात, असं वाचलं. तसंच करीन.

काल सामान आणायला जाताना हिबिनोसानच्या गॅरेजवरून गेलो. दोन वर्षांपूर्वी बंद झालं, तू ऐकलं असशील. शटरवर गंज आहे. चांगला माणूस. त्यांनी तेव्हा तुला कामावर ठेवायला नाही म्हटलं, त्याला त्यांची काही कारणं असतील.

बाबा


निश्शिन, २३ फेब्रुवारी, रविवार

मैत्रेयी,

पाकीट मिळालं.

आत चिठ्ठी नव्हती. पाकीट तीनदा झटकलं, आत हातही घालून पाहिला. नुसते दोन नवे तांब्याचे वॉशर, टिश्यूत गुंडाळलेले. म्हणजे तू पत्रं वाचतेस. जुने भाजून वापरू नका, असं तुला म्हणायचं असणार. देव आईबरोबर पुण्याला गेले, म्हणून पाकीट फ्रिजवर ठेवलं आहे. येता-जाता दिसतं. मला फार बरं वाटलं, हे लिहायला लाज कशाला वाटावी?

इंजिन जोडून झालं. भाड्याने चेन ब्लॉक आणला आणि तीन तास इंच-इंच खाली सोडत जागेवर बसवलं. बोटाचं नख काळं झालंय. प्रत्येक बोल्ट तुझ्या पिशवीवर लिहिलेल्या आकड्याइतकाच आवळला. आणि आवळल्यावर कारखान्यातल्यासारखं बोट दाखवून मोठ्याने 'योशी', म्हणजे ठीक आहे, असं म्हणालो. चोवीस वर्षांची सवय आहे. तू शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या आधी तशीच करायचीस, उजवीकडे योशी, डावीकडे योशी. मी तुला शिकवलं होतं आणि आई म्हणायची, पोरीचा कारखाना केलात.

रात्री झोप चांगली लागते. दिवसभर दमतो आणि कुणाशी बोलायचं नसतं. कंपनीत निरोप समारंभ झाला. फुलं दिली, भाषणं झाली. प्रत्येकजण म्हणाला, नीलकंठसानच्या नजरेतून कधी चूक सुटली नाही. मी वाकून आभार मानले.

टर्बो आला आहे. पुढच्या आठवड्यात तो बसवतो, तेल-पाणी भरतो आणि आठ मार्चला चावी फिरवतो. शनिवार आहे. तुला सुट्टी असेल तर बघ. नाही जमलं तरी चालेल. आवाज रेकॉर्ड करून ठेवीन.

बाबा


निश्शिन, ९ मार्च, रविवार

मैत्रेयी,

काल चालू झाली.

तिसऱ्या प्रयत्नात. आधी फुसफुसली, मग एकदम धरली. तिन्ही सिलिंडर. शेजारच्या आजी बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागल्या आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला. मला रडू आलं. असं लिहून टाकतो, तुला कोण सांगणार नाहीतर.

अकरा मिनिटं चालली. मग शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तो चढत गेला, आणि मागून निळा धूर. मी चावी बंद केली. टर्बोचा दांडा हाताने फिरवून पाहिला. फिरतच नाही. जळला.

जुना माल. ऑक्शनमध्ये फोटोवरून घेतलेल्या वस्तूचं असंच होतं. विकणाऱ्याने काय वापरला होता कुणास ठाऊक. दुसरा मागवून तो येईपर्यंत महिना संपेल. भंगारवाल्याला कळवलं नाही अजून, पण आता कळवावं लागेल.

थकलो गं मी. आज ताडपत्रीसुद्धा टाकली नाही.

बाबा


निश्शिन, १५ मार्च, शनिवार

मैत्रेयी,

मागच्या पत्रात चुकीचं लिहिलं. टर्बोचा दोष नव्हता.

ते पत्र पेटीत टाकून आलो आणि सवयीने तपासायला बसलो. चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, तुला माहीत आहे. तेल नेणारा बारीक पाइप उघडला. आत करड्या रंगाचा रबरासारखा गोळा बसला होता. पाइपचं तोंड बंद. टर्बोला तेलाचा थेंब मिळाला नाही. मिनिटाला लाखभर फेऱ्या मारणारा दांडा, कोरडा किती वेळ टिकणार?

तो गोळा म्हणजे सीलंट, सांध्यातून गळू नये म्हणून लावतात तो रबरी लेप. मी लावलेला.

पिशवीवर तू लिहिलं होतंस, 'फक्त तांब्याचा वॉशर. दुसरं काही लावायचं नाही.' खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. मी वाचलं. तू पाठवलेला नवा वॉशर बसवला. मग म्हटलं, जरा सीलंट लावू या, असू दे, गळायला नको. लावल्यावर बाहेर जास्तीचा आला तो बोटाने पुसला. आत किती गेला ते दिसत नाही ना. बोट दाखवून 'योशी' म्हणालो आणि पुढच्या बोल्टकडे वळलो.

पाच दिवस तो गोळा टेबलावर ठेवून बसलो आहे. आता दुसरं सांगतो. ते आधीच सांगायला हवं होतं, सहा वर्षं आधी.

तुला कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तू म्हणालीस की जाणार नाही, हिबिनोसान शिकाऊ म्हणून ठेवणार आहेत. आपलं भांडण झालं ते तुला आठवत असेलच, सगळ्या गल्लीला आठवत असेल. त्यानंतरच्या मंगळवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि गॅरेजवर गेलो. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, म्हणून घरातून खाऊचा डबा घेतला होता, मामाने पुण्याहून पाठवलेला. आई नंतर डबा शोधत होती, मी सांगितलं ऑफिसात वाटला. हिबिनोसान गाडीखाली होते. बाहेर आले, हात पुसले, चहा केला. मी कमरेत वाकलो आणि म्हणालो, माझ्या मुलीला नाही म्हणा. आणि मी आलो होतो हे तिला सांगू नका.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, मुलीचा हात चांगला आहे. मी पुन्हा वाकलो. मग ते म्हणाले, समजलं.

दोन दिवसांनी तू त्यांच्याकडे जाऊन आलीस. मोरीत नारिंगी साबणाने खूप वेळ हात धूत होतीस. काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "पाहिलंस? मुलीला, आणि त्यातून परक्या देशाच्या मुलीला, गॅरेजमध्ये कोण ठेवणार?"

नाही मी म्हणायला लावलं, आणि दोष तुझ्या मुलगी असण्याला आणि परकी असण्याला दिला. हिबिनोसानना तुला ठेवायचं होतं. गॅरेज बंद होईपर्यंत ते मला रस्त्यात दिसले की मान लववायचे, नेहमीसारखी. मी रस्ता बदलायला लागलो.

आठ दिवसांनी तू गेलीस. मला वाटलं, भांडणामुळे गेली, राग उतरेल. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग सवय झाली.

तुझं वाईट व्हावं म्हणून केलं नाही. तुला तेलात बरबटलेलं पाहवत नव्हतं, उतारवयात पाठ मोडेल, लग्नाचं काय, सगळं तेच नेहमीचं. गळायला नको म्हणून. पण तू लिहून ठेवलं होतंस तुला काय हवं ते, आणि मी वाचूनही वरून लावलं. तुझी वर्षं त्यात अडकली. मला माफ कर असं लिहायचा धीर होत नाही, पण चूक माझी होती. ती कुणाकडे तपासायला पाठवायची गरज नाही.

तू कुणा हिबिनोसानच्या मदतीशिवाय ते काम शिकलीस, याचा मला अभिमान वाटतो. हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं.

तीस तारखेला गाडी जाईल. पिशव्या मी काढून ठेवल्या आहेत. त्या पुण्याला नेऊ का, की तुला पाठवू, एवढं आईला कळव.

बाबा


कावासाकी, २० मार्च, गुरुवार

बाबा,

मराठीत लिहिते आहे. चुका असतील. आईला दाखवलं नाही.

हिबिनोसाननी मला काही सांगितलं नाही. तुम्हाला दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्या दिवशी मी गेले तर त्यांनी चहा केला आणि बशीत बाकरवडी ठेवली. म्हणाले, कुणीतरी आणून दिली, तुला आवडेल. मग बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

निश्शिनमध्ये हिबिनोसानना बाकरवडी कोण देणार, बाबा?

मी तीन खाल्ल्या. मग ते म्हणाले की जागा नाही. मी हो म्हटलं. घरी येऊन हात धूत होते, तेव्हा तुम्ही ते बोललात. मला वाटलं, आता नाही, पण उद्या खरं सांगतील. उद्या नाही सांगितलं. मी आठ दिवस थांबले. मग गेले.

तुम्ही वाईट केलंत म्हणून मी गेले नाही. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून गेले. पत्र मी ट्रेनमध्ये वाचलं आणि कावासाकी मागे गेलं, मला योकोहामाला उतरावं लागलं. माफ केलं का ते अजून मला माहीत नाही. खोटं लिहीत नाही.

हिबिनोसान आता मुलीकडे गिफूला असतात. दर नवीन वर्षाला मला कार्ड येतं. त्यात नेहमी एकच विचारतात, ती पांढरी गाडी झाली का.

भंगारवाल्याला येऊ नका सांगा. मी २९ तारखेला शनिवारी येते, सकाळच्या गाडीने. कामावरच्या एकांकडे याच इंजिनाचा टर्बो पडून होता, तो आणते. वॉशर आणते. तुम्ही तेलाचा पाइप काढून ठेवा, बोल्ट त्याच पिशवीत ठेवा. पाठीला पट्टा बांधा. इडलीपात्र टाकू नका, मला हवं आहे.

आणि मी येईपर्यंत कशाला काही लावू नका.

मैत्रेयी